तू नको पाहू

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकती सुरू झाली होती आणि मला तिसरा महिना लागला होता. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही अशी तेव्हा रीत होती. लग्नाला काही वर्षं उलटूनही घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळे मी ती रीत जरा जास्तच पाळत होते. माहेरीसुद्धा कळवलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत, शाळेतल्या शिक्षिकांच्या संडासात मला तो डाग दिसला. लहानसाच होता, तांबूस तपकिरी. मी तशीच उभी राहिले. बाहेरून कोणीतरी कडी वाजवली तेव्हा भानावर आले, हात धुतले आणि सहावीच्या वर्गावर जाऊन समास शिकवले. आज याचं नवल वाटतं, पण तेव्हा दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. फळ्यावर लिहायला हात वर केला की वाटे, हात वर करू नये. खुर्चीत बसले की वाटे, बसू नये. शाळा सुटल्यावर सायकल तिथेच भिंतीला टेकवून ठेवली आणि सायकलरिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, हळू चला. गड्डे टाळून चला." त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खरंच हळू चालवली.

धरमपेठेत वरच्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. हे टेलिफोन खात्यात कारकून होते. संध्याकाळी आले तेव्हा मी अंधारातच पडून होते. दिवा लावायला उठायचीही भीती वाटत होती. मी सांगितलं तसे ते बूट न काढताच कॉटच्या कडेला बसले.

"दुखतं का?"

"थोडं. कंबर भरून आल्यासारखी झाली आहे."

"सायकलमुळे झालं असेल का गं?"

 दुपारपासून माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धंतोलीत एका डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेरच्या बाकांवर वर्ध्याकडच्या, यवतमाळकडच्या बाया पिशव्या-गाठोडी घेऊन बसल्या होत्या. बाई पन्नाशीच्या होत्या, आवाज भारी. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि टॉवेलला पुसत माझ्याकडे पाहिलं.

"गेलं का, बाई?" मी विचारलं.

"माहीत नाही. पिशवीचं तोंड बंद आहे, हे चांगलं. रक्त थोडं आहे, हेही चांगलं. बाकी आत काय चाललंय ते मला दिसत नाही आणि तुलाही दिसत नाही."

आता पोटातलं लेकरू पडद्यावर हलताना दिसतं, त्याचं काळीज धडधडताना दिसतं. तेव्हा आमच्यासारख्यांसाठी तसलं काही नव्हतं. डॉक्टरबाईंकडे त्यांचे हात होते, एक छोटा लाकडी भोंगा होता, आणि तो भोंगा पोटाला लावून काही ऐकू यायलासुद्धा अजून पुष्कळ दिवस होते.

"पुष्कळ जणींना या दिवसांत असं होतं," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणींचं थांबतं आणि लेकरू नीट होतं. काहींचं थांबत नाही. आणि काहींचं थांबतं, पण पुढे दिवस पुरे भरत नाहीत. लेकरू लवकर येतं, बारीक येतं. तू कोणत्यातली आहेस ते मी आज सांगू शकत नाही. पडून राहा. कॉटच्या पायथ्याशी विटा लाव. गोळ्या देते त्या घे आणि आठवड्याला एक इंजेक्शन."

मी उठता उठता म्हटलं, "मी शाळेत सायकलने जाते. त्याने तर—"

"सायकलचा काही संबंध नाही."

"पण—"

"अगं, सायकलवर कधी पाय न ठेवलेल्या बायाही माझ्याकडे येतात. बाहेर बसल्या आहेत, जाऊन विचार."

मी मान हलवली, पण माझा विश्वास बसला नाही. मला काहीतरी कारण हवं होतं. कारण असतं तर ते टाळता आलं असतं.

शेजारच्या गल्लीत एक घर बांधलं जात होतं. तिथल्या चौकीदाराला विचारून यांनी विटा आणल्या, पुसून घेतल्या आणि कॉटच्या पायथ्याशी लावल्या. माझं डोकं खाली, पाय वर. पाणी प्यायले की नाकात जायचं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा तिरकं दिसायचं. हे पहाटे उठून भाताचा कुकर लावत, माझं सगळं करत, मग ऑफिसला जात. पण बाईमाणसाची सगळी कामं त्यांना कशी जमणार आणि किती दिवस? शेवटी त्यांनी गावाला निरोप पाठवला आणि माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाई काटोलकडच्या. घरची शेती, थोडी संत्र्याची झाडं. सासरे, गडीमाणसं, गाईगुरं, सगळं मागे टाकून त्या एस.टी.ने आल्या होत्या. नागपूर त्यांना मुळीच आवडत नसे. आल्या की दुसऱ्या दिवशी परत जायला निघायच्या. अक्षरओळख नव्हती. रस्ता ओलांडताना मुलाचा हात घट्ट धरून ठेवायच्या. मला त्यांची थोडी भीतीच वाटायची. मी शिकलेली, नोकरी करणारी सून. आमचं बोलणं फारसं कधी झालंच नव्हतं.

आल्या, पाय धुतले, माझ्याजवळ बसल्या आणि कपाळावर हात ठेवला. "कधीपासून वं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या.

लवकरच सगळ्या वाड्याला कळलं. खालच्या घरमालकीणबाई समाचाराला आल्या आणि लागल्या विचारायला. पपई खाल्ली होती का, जिना किती वेळा चढत होते, अंधार पडल्यावर बाहेर गेले होते का. सायकलपाशी येऊन त्या थांबल्या. "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, बाईच्या जातीने..."

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "तिनं काई नाई केलं, बाई. तुमी दूध ठेवून आल्या का शेगडीवर? उतू जाऊन राहिलं वाटते, वास येऊन राहिला."

घरमालकीणबाई घाईने खाली गेल्या. दूधबिध काही नव्हतं. मी बऱ्याच दिवसांनी हसले, आणि हसल्याने काही होईल म्हणून लगेच थांबले.

रक्त कधी थांबे, कधी पुन्हा दिसे. त्या काळातलं माझं एकच काम होतं, पाहणं. प्रत्येक वेळी कापड बदललं की मी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहायची. गुलाबी धागा दिसला तरी तो बोटाने चोळून पुन्हा पाहायची. काही नसलं तरी आत्ता नाही, पुढच्या वेळी असेल, असं वाटायचं. मग रडायची. रडले की पोट आकसायचं, आणि त्यानेच काही होईल म्हणून आणखी रडू यायचं.

एका सकाळी सासूबाईंनी माझ्या हातातलं कापड काढून घेतलं.

"आजपासून तू नको पाहू. मी पाहीन."

"आई, तुम्ही कशाला—"

"माह्या लेकाले मी धुतलं-पुसलं, तुह्या कापडाची मले काय घाण? तू पाह्यते अन् रडते. रडून राहिली त लेकरू कसं टिकंन वं? तू डोळे मिटून घे. सांगाचं काम माहं."

त्या दिवसापासून भांडं त्या लावायच्या, कापड त्या काढायच्या. मी छताकडे पाहत पडून राहायची. त्या मागच्या खिडकीपाशी जायच्या, क्षणभर थांबायच्या आणि तिथूनच म्हणायच्या, "काई नाई. साफ हाय."

सुरुवातीला मला ते सहन होत नव्हतं. मग हळूहळू सवय झाली. मग त्या दोन शब्दांवर मी जगायला लागले. साफ हाय. दिवस सरले तशा यांनी विटा काढल्या. मला उशीला टेकून बसता यायला लागलं. नाताळ गेला, संक्रांत गेली. एका दुपारी सासूबाई मला गावच्या कोणत्यातरी लग्नातली रुसलेल्या जावयाची गोष्ट सांगत होत्या आणि मला पोटात काहीतरी फडफडल्यासारखं झालं, ओंजळीत धरलेलं पाखरू हलावं तसं. मी त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. बाहेरून काही लागण्याइतकं ते नव्हतं. तरी त्या हात तसाच ठेवून बसून राहिल्या. जावयाची गोष्ट अर्धीच राहिली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. मी लोकर मागवली आणि विणायला घेतलं. हे ऑफिसातून येताना जिन्यातच गुणगुणायला लागायचे. पोटातल्याला काय आवडतं यावर आमची भांडणं व्हायची. एकच गोष्ट मला खुपत होती. डॉक्टरबाई मला उठू देत नव्हत्या. महिन्याची तपासणी झाली की पोट चाचपून म्हणायच्या, वाढतंय, पण थोडं लहान आहे, पडूनच राहा.

"रक्त थांबून किती दिवस झाले बाई, आता तरी शाळेत जाऊ द्या ना," मी एकदा म्हटलं.

त्यांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी सांगते म्हणून पडून राहायचं."

सासूबाई अधूनमधून भाजीला म्हणून बाहेर जायच्या आणि बऱ्याच वेळाने यायच्या. गोकुळपेठेचा बाजार घरापासून जवळ. एकदा आल्या तेव्हा चेहरा उन्हाने लाल झाला होता, पायांवर धूळ, हातात मेथीची एक जुडी.

"आई, एवढ्या मेथीसाठी एवढा वेळ?"

"भाव करून राहिली होती," त्या म्हणाल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या. मी यांना ते सांगून खूप हसवलं.

सातव्या महिन्यात, ऊन तापायला लागलेल्या एका दुपारी, माझं पाणी गेलं. कॉट भिजली. सासूबाईंनी खिडकीतून ओरडून रिक्षा थांबवली, घरमालकांना यांच्या ऑफिसात पाठवलं आणि मला धरून जिना उतरवला. रिक्षात त्या माझी मान खांद्यावर घेऊन बसल्या होत्या आणि सबंध रस्ताभर काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं नाव असेल.

मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी, एकदाच. नर्सने तिला कापसात गुंडाळली, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. नर्स म्हणाली, उन्हाळा आहे ते बरं आहे, ऊब टिकेल. काचेची पेटी तिथे नव्हती. मोठ्या दवाखान्यात न्यायचं का, म्हणून यांनी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिचा श्वासच नीट लागत नाहीये, रस्त्यातच काही व्हायचं. आज इथेच ठेवू.

मला तिला जवळ घेऊ दिलं नाही. बोट लावू दिलं. तिची नखं मला आठवतात. एवढ्याशा बोटांना पुरती नखं आली होती. कपाळावर सासूबाईंसारखी मधोमध टोकदार केसांची रेघ होती. हे दारातून आत येत, पाहत, बाहेर जात, पुन्हा येत. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या मांडीवर ती गेली. त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मीच म्हटलं, "आई?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

हे आणि घरमालक तिला घेऊन घाटावर गेले. इतक्या लहान लेकरांना अग्नी देत नाहीत, पुरतात. कुठे पुरलं ते मी कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मला दूध आलं. याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. दिवस पुरे भरले नव्हते, लेकरू नव्हतं, मग दूध कशाला येईल असं मला वाटलं होतं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. सासूबाईंनी मोगऱ्याच्या कळ्या आणवल्या, छातीवर पसरल्या आणि वरून जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधली. त्याने दूध आटतं म्हणतात. खोलीभर मोगऱ्याचा वास सुटला होता. शेजारच्या घरी कोणाचं तरी लग्न होतं, सनई वाजत होती. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली.

काही आठवड्यांनी मी डॉक्टरबाईंना दाखवायला गेले. या वेळी एकटीच गेले. तपासून झाल्यावर मी विचारलं, "सगळं थांबलं होतं, मग असं कसं झालं?"

त्यांनी माझा कागद मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "थांबलं नव्हतं. मधून मधून जात होतं. तुझी सासू मला येऊन सांगत होती."

मला आधी समजलंच नाही.

"दर वेळी यायची. कापड कागदात गुंडाळून आणायची, मला दाखवायला. बाहेर बाकावर इतर बायांमध्ये बसायची आणि नंबर आला की आत यायची. म्हणायची, सुनेला सांगू नका, ती घाबरते. औषध बदलायचं ते मी बदलत होते. तुला सांगितलं असतं तरी याहून जास्त काही करता आलं नसतं, हे लक्षात ठेव. माझ्या हातात होतं ते मी केलं, तिने केलं, तू केलंस."

धंतोलीहून धरमपेठेपर्यंत मी त्या दिवशी चालत आले. ज्या बाईला पाट्या वाचता येत नव्हत्या, रस्ता ओलांडायची भीती वाटत होती, ती याच रस्त्याने विचारत विचारत कितीदा आली-गेली असेल. पण मला तेव्हा तिची दया आली नाही. मला राग आला होता. घरी पोचेपर्यंत तो एवढा झाला की जिना मी एका दमात चढले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

त्यांनी वर पाहिलं. मी डॉक्टरकडून आलेय हे त्यांना माहीतच होतं. सूप बाजूला ठेवलं.

"हो," म्हणाल्या.

"काहून? काहून सांगितलं नाही मला?" मी कधी त्यांच्या बोलीत बोलत नसे. त्या दिवशी तोंडातून तेच आलं.

"सांगून काय केलं असतं वं तू? रडली असती. डाक्टरीन म्हने, हाती काई नाई, पाह्याचं फक्त. मंग म्या म्हटलं, मी पाह्यतो. दोघीनं पाहून काय होते?"

"मी लोकर आणली, आई. मी टोपडी विणली. मी यांना म्हटलं, आता काही होत नाही. मला माहीत असतं तर मी..."

मला पुढे काय म्हणायचं होतं ते मलाच कळेना. माहीत असतं तर मी काय केलं असतं? तिच्यावर इतका जीव लावला नसता? तिचं फडफडणं मोजून-मापून घेतलं असतं?

"ते माझं होतं," मी शेवटी म्हटलं. "वाईट असलं तरी माझं होतं. तुम्ही का घेतलंत?"

 त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदूळ निवडत नव्हत्या, नुसती बोटं फिरवत होत्या. दोन दिवसांनी त्या गावी गेल्या. हे त्यांना एस.टी.वर सोडून आले आणि म्हणाले, "माय बसमध्ये बसेपर्यंत काही बोललीच नाही." यांना मी त्या खोट्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. नंतरही बरीच वर्षं सांगितलं नाही.

मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. सायकल घेऊन. शिक्षिकांपैकी कोणीही त्या विषयावर बोललं नाही. त्यांनी मला दुखवू नये म्हणून तसं केलं हे कळत होतं, पण ज्या मुलीला मी बोट लावलं होतं ती झालीच नाही असं सगळे वागत होते. "असू दे, तरुण आहेस, होईल दुसरं," एवढंच लोक म्हणायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर मला पुन्हा दिवस गेले. या खेपेलाही दुसरा महिना संपता संपता डाग दिसला. मी खिडकीपाशी कापड धरून उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं. हे काही न बोलता विटा आणायला गेले. संध्याकाळी म्हणाले, "मायला बोलावू का?"

मी पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हटलं, "बोलवा."

सासूबाई आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या, पण नेहमीसारख्या माझ्याजवळ येऊन बसल्या नाहीत. पिशवी हातातच होती.

"काय करू मी?" त्यांनी विचारलं. त्यांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी पाहीन, आई," मी म्हटलं. "माझं मीच पाहीन. पण मी पाहत असताना तुम्ही बाजूला बसत जा."

"बसीन," त्या म्हणाल्या.

तेवढंच आमचं बोलणं झालं. त्यानंतर त्या खरंच बाजूला बसायच्या. कापडाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मी "आहे" म्हटलं की मान हलवायच्या, "नाही" म्हटलं तरी तशीच हलवायच्या. काही आठवड्यांनी रक्त थांबलं, आणि या वेळी ते खरोखरच थांबलं. का थांबलं, हे डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. तीच मी, तीच कॉट, त्याच गोळ्या आणि इंजेक्शनं. मी विणकाम केलं नाही. पोटात हललं तरी कोणाला सांगितलं नाही. दिवस पुरे भरले आणि मुलगा झाला, चांगला वजनदार, ओरडून दवाखाना डोक्यावर घेणारा.

मला आनंद झाला नाही. लोक पेढे मागत होते, हे वाटत होते, आणि मी त्याच्याकडे कोण हा म्हणून पाहत होते. त्याला पाजायची, बदलायची, पण सगळं नेमून दिलेलं काम केल्यासारखं. घरी आल्यावर सासूबाई रोज सकाळी त्याला न्हाऊ घालायच्या. पाय पसरून पाटावर बसायच्या, त्याला पायांवर पालथा घालायच्या आणि तेल रगडायच्या. एका सकाळी मी दाराशी उभी होते. न्हाणीघरात वाफ भरली होती. त्यांनी त्याचा हात उचलून बोटं एकेक करून पुसली, आणि मला नखं दिसली.

मी खालीच बसले. ओल्या फरशीवर. आवाज निघाला तो माझाच होता हे मला उशिरा कळलं. खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली, काय झालं म्हणून.

 सासूबाईंनी मुलाला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि दुसऱ्या, तेलकट हाताने माझं डोकं आपल्या गुडघ्याकडे ओढलं.

"रड," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी रडून घे. मी हाय इथं."

आणि मग त्याही रडायला लागल्या. मूल वाचवायला जिने इतकी पायपीट केली होती त्या बाईला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मुलगी गेली तेव्हाही नाही. मुलगा टॉवेलात चुळबुळत होता, बंबातलं पाणी उकळत होतं, आणि आम्ही दोघी तशाच बसून होतो.

माझा तो राग त्या दिवशी गेला असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अजूनही कधी कधी वाटतं, मला सांगायला हवं होतं. आणि कधी वाटतं, त्या मुलीची आई म्हणून मला जे थोडे सुखाचे दिवस मिळाले, ते त्यांच्या खोट्यामुळेच मिळाले. किती मुलं, असं कोणी विचारलं की मी एक म्हणते. म्हणताना थोडी थांबते. समोरच्याला ते कळत नाही.